अणुउद्योग आणि गावाचा अधिकार : जपानमधील तोकाई-मुरा (१९५५ ते २०२१)

प्रस्तावना

जपानमधील अणुशक्तीचा इतिहास सामान्यतः दोन टोकांच्या आधारे सांगितला जातो. १९४५ मधील हिरोशिमा व नागासाकी हे त्याचे एक टोक, तर २०११ मधील फुकुशिमा हे दुसरे. या दोन घटनांच्या दरम्यान सहासष्ट वर्षांचा काळ आहे. अणुबाँबचा आघात सोसलेल्या देशाने याच काळात शांततामय उपयोगासाठी अणुशक्तीचा स्वीकार केला, तिच्यासाठी कायदे केले, संस्था उभारल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर अणुभट्ट्या बांधल्या. या प्रक्रियेचा आरंभ राजधानीपासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावरील एका किनारी गावात झाला. इबाराकी प्रांतातील हे गाव म्हणजे तोकाई-मुरा होय.

'मुरा' या जपानी शब्दाचा अर्थ गाव असा आहे. जपानच्या स्थानिक स्वराज्य व्यवस्थेत शहर, नगर आणि गाव असे तीन स्तर आहेत. त्यांपैकी गावालाही स्वतःची निर्वाचित सभा व मतदारांनी थेट निवडलेला ग्रामप्रमुख असतो. तोकाईची लोकसंख्या आज ३५ हजारांहून अधिक असली, तरी त्याचा दर्जा गावाचाच राहिला आहे. जपानमधील सर्वाधिक लोकसंख्येच्या गावांत त्याची गणना होते. या वाढीमागील प्रमुख कारण अणुउद्योग हेच आहे.

तोकाईच्या इतिहासाकडे तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा किंवा अपघातांचा इतिहास म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा विचार एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. गावाच्या हद्दीत काय उभारले जावे, तेथे काय घडते याची माहिती कोणाला असावी आणि धोक्याच्या वेळी निर्णय कोणी घ्यावा, हा तो प्रश्न होय. डिसेंबर १९५५ मध्ये संमत झालेल्या जपानच्या अणुशक्तीविषयक मूलभूत कायद्याने लोकशाही, स्वायत्तता व खुलेपणा ही तीन तत्त्वे अणुसंशोधनाचा पाया म्हणून स्वीकारली होती. ही तत्त्वे गावाच्या पातळीवर कितपत उतरली, हे तपासण्यासाठी तोकाईइतके योग्य उदाहरण दुसरे नाही.

अणुपूर्व काळातील गाव

३१ मार्च १९५५ रोजी मुरामात्सु व इशिगामी ही दोन गावे एकत्र करून तोकाई-मुरा हे नवे गाव अस्तित्वात आले. युद्धोत्तर जपानमध्ये लहान गावांच्या विलीनीकरणाची जी व्यापक मोहीम राबविण्यात आली, तिचाच हा एक भाग होता. 'तोकाई' म्हणजे पूर्वेचा समुद्र. पॅसिफिक महासागराच्या काठावरील या गावाला ते नाव अन्वर्थक होते.

गावाच्या उत्तरेस कुजी नदी वाहते. पूर्वेस वालुकामय किनारा असून वाऱ्याबरोबर शेतांत शिरणारी वाळू रोखण्यासाठी तेथे पाइनची वनराई वाढविण्यात आली होती. भातशेती, रताळ्याचे पीक आणि मासेमारी ही उपजीविकेची साधने होती. रताळी वाफवून, सोलून, त्यांच्या चकत्या हिवाळ्यातील कोरड्या वाऱ्यावर सुकविण्याचा व्यवसाय या परिसरात रुजला होता व तो आजही टिकून आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सुक्या रताळ्यांपैकी बहुतांश उत्पादन इबाराकी प्रांतातच होते. मुरामात्सु येथील बोधिसत्त्व कोकुझो याचे देवस्थान यात्रेकरूंना परिचित होते. थोडक्यात, १९५५ मध्ये तोकाई हे शेती व समुद्र यांवर जगणारे, सुमारे अकरा-बारा हजार वस्तीचे एक सामान्य गाव होते. पुढे त्याची ओळख बदलणार आहे, असे सुचविणारी कोणतीही खूण त्यात नव्हती.

जागेची निवड (१९५४-१९५६)

मार्च १९५४ मध्ये यासुहिरो नाकासोने व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने जपानी संसदेत अणुसंशोधनासाठी पहिली तरतूद मांडण्यात आली. तिची रक्कम २३ कोटी ५० लाख येन होती. युरेनियम-२३५ या समस्थानिकाशी जुळणारा हा आकडा होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तीवरील २३ खलाशी किरणोत्सर्गाने बाधित झाले. त्यांपैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. देशभर अणुबाँबविरोधी स्वाक्षऱ्यांची मोहीम उभी राहत असतानाच अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाची पायाभरणी होत होती, हा त्या काळातील महत्त्वाचा अंतर्विरोध होय.

१ जानेवारी १९५६ रोजी अणुशक्ती आयोगाची स्थापना झाली. वृत्तपत्रमालक व राजकारणी मात्सुतारो शोरिकी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांचाही आयोगात समावेश होता. परदेशातून अणुभट्ट्या आणण्याची घाई न करता मूलभूत संशोधनावर भर द्यावा, अशा मताच्या युकावा यांनी पुढील वर्षी राजीनामा दिला.

अणुसंशोधन संस्थेसाठी जागेचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेक प्रांतांनी त्यासाठी चढाओढ केली. आयोगाचा कल प्रथम कानागावा प्रांतातील ताकेयामा या जागेकडे होता. ती जागा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असल्याने शासनाने तो प्रस्ताव स्वीकारला नाही आणि एप्रिल १९५६ मध्ये तोकाईची निवड निश्चित झाली. विस्तीर्ण किनारी जमीन, विपुल पाणी, विरळ वस्ती आणि तरीही तोक्योशी सुलभ संपर्क या बाबी तोकाईच्या बाजूने होत्या.

या निवडीचे गावात व प्रांतात स्वागत झाले. औद्योगिकदृष्ट्या मागे असलेल्या प्रदेशाला विज्ञानाच्या अग्रभागी नेणारी संधी, अशीच तिची तत्कालीन प्रतिमा होती. मात्र हे स्वागत कोणत्या माहितीच्या आधारे झाले, हा प्रश्न इतिहासकाराला विचारावाच लागतो. विरळ वस्ती हा जागेच्या निवडीतील एक निकष होता, याचाच अर्थ धोक्याची जाणीव निवड करणाऱ्यांना होती. गावापुढे मात्र धोक्याची नव्हे, तर विकासाची बाजू मांडण्यात आली. संमती होती, परंतु ती अपुऱ्या माहितीवर आधारलेली होती.

'अणूची आग' आणि गावाचे रूपांतर (१९५७-१९७८)

२७ ऑगस्ट १९५७ रोजी तोकाई येथील जेआरआर-१ या अमेरिकी बनावटीच्या संशोधन अणुभट्टीत जपानमधील पहिली स्वयंपोषित शृंखला प्रक्रिया घडून आली. भारतात ट्रॉम्बे येथील 'अप्सरा' ही भट्टी त्यापूर्वी एक वर्ष, ऑगस्ट १९५६ मध्ये, कार्यान्वित झाली होती. तोकाईत 'अणूची आग' पेटल्याचे वर्णन जपानी वृत्तपत्रांनी केले. १९६२ मध्ये जपानी तंत्रज्ञांनी स्वतः बांधलेली जेआरआर-३ ही भट्टी सुरू झाली. २६ ऑक्टोबर १९६३ रोजी जेपीडीआर या प्रायोगिक भट्टीतून देशातील पहिली अणुवीज निर्माण झाली आणि पुढे तो दिवस 'अणुशक्ती दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. ही भट्टी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीची, पाणी भट्टीतच उकळवून वाफ निर्माण करणाऱ्या प्रकारची होती. याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथे कार्यान्वित झाल्या.

व्यापारी तत्त्वावरील पहिले अणुवीज केंद्रही तोकाईतच उभे राहिले. जपान अणुवीज कंपनीने ब्रिटनकडून घेतलेली १६६ मेगावॉट क्षमतेची, ग्रॅफाइट व कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारी भट्टी जुलै १९६६ मध्ये सुरू झाली. भूकंपाचा विचार करून मूळ ब्रिटिश आराखड्यात बदल करण्यात आले होते. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिच्या शेजारी ११०० मेगावॉट क्षमतेचे तोकाई-२ हे केंद्र कार्यान्वित झाले. अणुइंधन निर्मितीचे कारखाने, प्रयोगशाळा व प्रशिक्षण संस्था यांचीही भर पडत गेली. अवघ्या दोन दशकांत अणुशक्तीच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याशी संबंधित आस्थापना एकाच गावाच्या हद्दीत एकवटल्या.

या बदलाचे सामाजिक परिणाम दूरगामी होते. देशभरातून आलेले शास्त्रज्ञ, अभियंते व कामगार गावात स्थायिक झाले. त्यांच्यासाठी वसाहती, शाळा व रस्ते झाले. आस्थापनांवरील मालमत्ताकरामुळे ग्रामपंचायतीची तिजोरी संपन्न झाली. १९७४ मध्ये संमत झालेल्या तीन कायद्यांनी वीज प्रकल्प स्वीकारणाऱ्या स्थानिक संस्थांना विशेष अनुदान देण्याची व्यवस्था केली. परिणामी तोकाईसारख्या गावांचे अंदाजपत्रक अणुउद्योगाशी बांधले गेले. शेतकरी कुटुंबातील मुलगा कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी रताळ्याच्या शेतात राबतो, हे चित्र सर्वसामान्य झाले. शेजारी, नातेवाईक किंवा घरातील माणूसच उद्योगात असल्याने त्याविषयी उघडपणे शंका घेणे अवघड झाले. गावाचे मौन हे केवळ अज्ञानातून आलेले नव्हते. उपजीविकेच्या धाग्यांनीही ते विणलेले होते.

विरोधाचे आरंभीचे प्रवाह

तोकाईत विरोध झालाच नाही, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम व युरेनियम वेगळे काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पाची योजना पुढे आली, तेव्हा १९६० च्या दशकात इबाराकीच्या मच्छीमारांनी तिला तीव्र विरोध केला. प्रकल्पातील सांडपाणी समुद्रात सोडले जाणार होते. मासळी दूषित झाली नाही, तरी दूषित असल्याच्या संशयाने बाजार बसेल, ही त्यांची भीती होती. शिवाय लगतच्या किनाऱ्यावर अमेरिकी हवाई दलाचे बाँबफेकीच्या सरावाचे मैदान होते. अणुकेंद्राच्या शेजारी असे मैदान असणे धोक्याचे असल्याने ते हलविण्याची मागणी सातत्याने होत राहिली. १९७३ मध्ये ती जमीन जपानला परत मिळाली.

पुनर्प्रक्रिया प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचाही स्पर्श झाला. अण्वस्त्रप्रसाराच्या चिंतेमुळे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या प्रशासनाने त्याला हरकत घेतली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये उभय देशांत तडजोड झाल्यानंतरच तेथे वापरलेल्या इंधनावर काम सुरू होऊ शकले. तोकाईतील एका कारखान्याविषयी वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटी होत होत्या. त्या निर्णयप्रक्रियेत गावाला मात्र स्वतंत्र स्थान नव्हते.

१९७३ मध्ये स्थानिक रहिवाशांनी तोकाई-२ केंद्राचा परवाना रद्द करावा, यासाठी मितो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. १९८५ मध्ये तो फेटाळला गेला. अपिलांचा प्रवास २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला आणि त्यातही रहिवाशांना अपयश आले. तीन दशके चाललेल्या या खटल्याने एक गोष्ट स्पष्ट केली. सुरक्षिततेचा निर्णय तज्ज्ञांचा व केंद्र शासनाचा आहे, हीच त्या काळातील न्यायालयांची भूमिका होती.

१९९७ : विश्वासाला गेलेला तडा

११ मार्च १९९७ रोजी पुनर्प्रक्रिया प्रकल्पातील किरणोत्सारी कचरा डांबरात मिसळून घट्ट करण्याच्या विभागात सकाळी आग लागली आणि रात्री आठनंतर तेथे स्फोट झाला. ३७ कामगारांच्या शरीरात अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य गेले. अपघातापेक्षाही त्यानंतरचे वर्तन अधिक गंभीर ठरले. आग पूर्ण विझल्याची खातरजमा केल्याचा जो अहवाल प्रकल्प चालविणाऱ्या शासकीय महामंडळाने दिला, तो खोटा असल्याचे उघडकीस आले. पुढील वर्षी या महामंडळाची पुनर्रचना करण्यात आली.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये तात्सुया मुराकामी हे तोकाईचे ग्रामप्रमुख झाले. पूर्वाश्रमी ते बँक अधिकारी होते. अणुउद्योगाचे विरोधक म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती. गावातील अन्य नेत्यांप्रमाणेच या उद्योगाशी सहजीवन ही त्यांचीही गृहीत भूमिका होती. दोनच वर्षांनी त्यांच्यावर जी वेळ आली, तिने ही भूमिका हळूहळू बदलली.

३० सप्टेंबर १९९९

जेसीओ ही खाजगी कंपनी तोकाईत युरेनियमवर प्रक्रिया करून इंधनासाठीचा कच्चा माल तयार करीत असे. सप्टेंबर १९९९ मध्ये तेथे 'जोयो' या प्रायोगिक भट्टीसाठी १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचे द्रावण तयार करण्याचे काम चालू होते. सामान्य वीज केंद्रातील इंधनापेक्षा ही समृद्धता कितीतरी अधिक होती. परवान्यानुसार युरेनियम विशिष्ट यंत्रात विरघळवून अरुंद व उंच नळकांड्यातून नेणे आवश्यक होते, कारण अशा आकारात शृंखला प्रक्रिया सुरू होऊ शकत नाही. प्रत्यक्षात वेळ वाचविण्यासाठी पोलादी बादलीत युरेनियम नायट्रिक आम्लात विरघळविण्याची पद्धत कंपनीत रूढ झाली होती. त्या दिवशी त्याही पुढे जाऊन ते द्रावण थेट रुंद अवक्षेपण टाकीत ओतण्यात आले. एका वेळी २.४ किलो युरेनियमची मर्यादा असताना टाकीत सुमारे १६.६ किलो युरेनियम जमा झाले. सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी निळा प्रकाश चमकला आणि अनियंत्रित शृंखला प्रक्रिया सुरू झाली.

या ठिकाणी काम करणाऱ्या तीन कामगारांना त्या कामाचा खरा धोका समजावून देण्यात आलेला नव्हता. त्यांना रुग्णालयात नेण्यासाठी आलेल्या अग्निशमन दलाच्या तीन कर्मचाऱ्यांनाही हा किरणोत्सर्गाचा अपघात असल्याचे सांगितले गेले नाही. ते आवश्यक संरक्षक साधनांविना आत गेले व बाधित झाले. ग्रामपंचायतीला पहिली माहिती मिळेपर्यंत सुमारे एक तास उलटला होता. परवाना देताना अशा अपघाताची शक्यताच गृहीत धरलेली नसल्याने पुढे काय करावे, याची कोणतीही सिद्ध योजना नव्हती.

दुपारी साडेबाराच्या सुमारास गावाच्या ध्वनियंत्रणेवरून रहिवाशांना घराबाहेर न पडण्याच्या सूचना सुरू झाल्या. दोनच्या सुमारास कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्रामपंचायतीत येऊन आसपासच्या लोकांना हलविण्याची विनंती केली. प्रचलित व्यवस्थेनुसार अशा बाबतीत केंद्र शासन व प्रांत यांच्या मार्गदर्शनाची अपेक्षा होती. ते वेळेत मिळेना. अखेर दुपारी तीन वाजता मुराकामी यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ३५० मीटर परिसरातील सुमारे १६० रहिवाशांना स्थलांतराचा आदेश दिला. पंतप्रधान केइझो ओबुची यांच्या अध्यक्षतेखालील आपत्कालीन बैठक रात्री नऊ वाजता झाली. रात्री साडेदहाला १० किलोमीटर परिसरातील सुमारे ३ लाख १० हजार लोकांना घरातच राहण्याचा सल्ला देण्यात आला. रेल्वे व द्रुतगती मार्गावरील वाहतूक थांबली. टाकीभोवतीच्या शीतकरण आवरणातील पाणी न्यूट्रॉन परत टाकीकडे वळवून शृंखला प्रक्रिया टिकवून ठेवत होते. कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी पाळीपाळीने काही मिनिटांपुरते आत जाऊन ते पाणी काढून टाकले आणि त्यानंतर बोरिक आम्ल सोडण्यात आले. सुमारे वीस तासांनी, १ ऑक्टोबरच्या सकाळी, ही प्रक्रिया थांबली.

तीनपैकी एका कामगाराचा २१ डिसेंबर १९९९ रोजी व दुसऱ्याचा २७ एप्रिल २००० रोजी मृत्यू झाला. बाधितांची एकूण नोंद ६६७ इतकी झाली. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत या अपघाताला चौथा स्तर देण्यात आला. जपानच्या नागरी अणुउद्योगात किरणोत्सर्गाच्या तीव्र मात्रेने झालेले हे पहिले मृत्यू होते.

अपघातानंतरचा हिशेब

अपघाताची झळ शेतमालाला व मासळीला लगेच बसली. तपासणीत दोष न आढळलेला मालही केवळ इबाराकीचा म्हणून नाकारला जाऊ लागला. १९६० च्या दशकात मच्छीमारांनी व्यक्त केलेली भीती अशा रीतीने पस्तीस वर्षांनी खरी ठरली. भरपाईसाठी सुमारे ७,००० दावे आले आणि सुमारे १,५०० कोटी येन अदा करण्यात आले. आरोग्यहानीबद्दल एका दांपत्याने केलेला दावा मात्र अपघाताशी संबंध सिद्ध न झाल्याच्या कारणाने अमान्य झाला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. ज्या नुकसानीची पावती दाखवता येत होती, ती भरून मिळाली. शरीर व मन यांवरील परिणाम हिशेबाबाहेर राहिले.

मार्च २००३ मध्ये मितो जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या सहा जणांना दोषी ठरवून स्थगित स्वरूपाच्या शिक्षा दिल्या व कंपनीला १० लाख येन दंड केला. तत्पूर्वी २००० मध्ये कंपनीचा परवाना रद्द झाला होता. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने अणुआपत्तीविषयक विशेष कायदा संमत केला. आपत्तीची माहिती त्वरित कळविणे बंधनकारक झाले आणि अणुकेंद्रांजवळ आपत्कालीन समन्वय केंद्रे उभारण्याची तरतूद झाली. मात्र निर्णयाचा केंद्रबिंदू या कायद्यानेही पंतप्रधानांकडेच ठेवला. तोकाईच्या अनुभवातून स्थानिक निर्णयाचे महत्त्व सिद्ध झाले होते. कायद्याने त्यातून काढलेला धडा मात्र केंद्राच्या अधिकाराचा होता.

याच काळात गावात विज्ञानाचे एक निराळे केंद्रही आकार घेत होते. २००८ च्या अखेरीस तेथील जे-पार्क या प्रवेगक संकुलाचा वापर संशोधकांसाठी खुला झाला. २०१० पासून तेथून २९५ किलोमीटर अंतरावरील कामिओका येथील शोधयंत्राकडे न्यूट्रिनो कणांचा झोत सोडण्याचा प्रयोग सुरू झाला. अणुवीजेवर विसंबून न राहता संशोधनाच्या बळावर गावाचे भवितव्य घडविता येईल, या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. तथापि २३ मे २०१३ रोजी याच संकुलात किरणोत्सारी द्रव्याची गळती होऊन ३४ जण बाधित झाले आणि त्याची माहिती प्रशासनाला दुसऱ्या दिवशी रात्री मिळाली. संस्था बदलली, तरी माहिती उशिरा देण्याची सवय सुटली नव्हती.

११ मार्च २०११ आणि संमतीचा अधिकार

फुकुशिमाच्या दुर्घटनेच्या दिवशी तोकाई-२ केंद्रही संकटात सापडले होते, ही बाब जपानबाहेर फारशी ज्ञात नाही. भूकंपामुळे बाहेरील वीजपुरवठा तुटला. सुमारे ५.४ मीटर उंचीची त्सुनामी आली. केंद्रातील तीन आपत्कालीन जनित्रांपैकी एकाला थंड करणारा समुद्रजलाचा पंप पाण्याखाली गेला व ते जनित्र बंद पडले. उरलेली दोन चालू राहिली. याचे कारण पंपांभोवतीची संरक्षक भिंत थोड्याच काळापूर्वी ६.१ मीटरपर्यंत वाढविण्यात आली होती. इबाराकी प्रांताने २००७ मध्ये केलेल्या त्सुनामीच्या नव्या अंदाजामुळे हे काम हाती घेण्यात आले होते. त्याचा काही भाग अपुरा होता व नेमका तेथूनच पाणी शिरले. १५ मार्चला भट्टी पूर्णपणे थंड अवस्थेत आली. गावाला वाचविणाऱ्या भिंतीमागे केंद्र शासनाचा आदेश नव्हता, तर प्रांतिक पातळीवरील आकलन होते, हे येथे विशेष नमूद केले पाहिजे.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुराकामी यांनी अणुविषयक खात्याचे मंत्री गोशी होसोनो यांच्यापुढे तोकाई-२ कायमचे बंद करावे, अशी भूमिका मांडली. देशातील अणुशक्तीची सुरुवात ज्या गावातून झाली, त्याच गावाच्या प्रमुखाने अशी मागणी करणे ही असाधारण घटना होती. एप्रिल २०१२ मध्ये अणुविरहित भविष्याचा पुरस्कार करणाऱ्या स्थानिक प्रमुखांचे जे व्यासपीठ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. २०१३ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले.

त्यांच्या निवृत्तीनंतरही संमतीचा प्रश्न संपला नाही. उलट तो गावाच्या सीमा ओलांडून गेला. मार्च २०१८ मध्ये जपान अणुवीज कंपनीने तोकाईसह मितो, हिताची, हिताचिनाका, नाका व हिताचीओता या पाच शेजारी शहरांशी करार केला. तोकाई-२ पुन्हा सुरू करण्यापूर्वी या सहाही स्थानिक संस्थांची पूर्वसंमती घेण्याचे त्यात वस्तुतः मान्य करण्यात आले. तोपर्यंत असा अधिकार केवळ यजमान गाव व प्रांत यांच्यापुरता मानला जात असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियामक प्राधिकरणाने केंद्राचे आयुष्य वीस वर्षांनी वाढविण्यास मान्यता दिली. म्हणजे तांत्रिक परवानगी मिळाली, परंतु सामाजिक संमतीचा प्रश्न खुला राहिला.

१८ मार्च २०२१ रोजी मितो जिल्हा न्यायालयाने तोकाई-२ चालविण्यास मनाई केली. ३० किलोमीटर परिसरात सुमारे ९ लाख ४० हजार लोक राहतात आणि त्या परिसरातील १४ स्थानिक संस्थांपैकी केवळ पाचांनीच स्थलांतराच्या योजना तयार केल्या आहेत, हा या निकालाचा मुख्य आधार होता. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील करण्यात आले. तथापि १९८५ मध्ये रहिवाशांचा दावा फेटाळणाऱ्या न्यायालयानेच छत्तीस वर्षांनी लोकांच्या सुरक्षित बाहेर पडण्याला यंत्राच्या सुरक्षिततेइतकेच महत्त्व दिले, हा बदल ऐतिहासिक महत्त्वाचा आहे. १९९९ मध्ये दुपारी तीन वाजता एका ग्रामप्रमुखापुढे उभा राहिलेला प्रश्नच या निकालाच्या केंद्रस्थानी होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. तोकाईने १९५६ मध्ये दिलेली संमती खरी होती, परंतु ती धोक्याच्या पूर्ण माहितीवर आधारलेली नव्हती. पुढील काळातील कर व अनुदाने यांनी ती संमती मागे घेणे कठीण करून ठेवले.

२. १९५५ च्या कायद्यातील तीन तत्त्वांपैकी खुलेपणाचे तत्त्व तोकाईत वारंवार भंग पावले. १९९७ चा खोटा अहवाल, १९९९ मधील तासाभराचा विलंब आणि २०१३ मधील उशिरा मिळालेली सूचना ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३. आपत्तीच्या वेळी सर्वांत महत्त्वाचा निर्णय सर्वांत खालच्या पातळीवर घेतला गेला. कायद्याने मात्र त्या पातळीला अनुरूप अधिकार दिले नाहीत. २०१८ चा करार व २०२१ चा निकाल ही त्या दिशेने पडलेली पावले आहेत.

४. मच्छीमारांनी १९६० च्या दशकात मांडलेला आक्षेप तांत्रिक भाषेत नव्हता, तरीही तो दूरदर्शी होता. स्थानिक ज्ञानाची उपेक्षा ही या इतिहासातील एक मोठी हानी होय.

उद्योग उद्या थांबला, तरी त्याचे गावाशी असलेले नाते संपणार नाही. १९९८ मध्ये बंद झालेली ब्रिटिश बनावटीची भट्टी सुटी करण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले आणि त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. एकूण सुमारे १,१४० टन वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केलेला पुनर्प्रक्रिया प्रकल्प उतरविण्याच्या योजनेला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि त्या कामासाठी सुमारे ७० वर्षांचा कालावधी अपेक्षित धरण्यात आला. म्हणजेच ज्या पिढीने १९५६ मध्ये या उद्योगाचे स्वागत केले, तिच्या पणतवंडांनाही त्याच्या अवशेषांची राखण करावी लागेल. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. म्हणूनच गावाला माहितीचा व निर्णयाचा अधिकार असणे हा तोकाईच्या बाबतीत भूतकाळाचा विषय ठरत नाही. पुढील सत्तर वर्षांच्या कामाची ती पूर्वअट आहे.